जोखमीची नवजात अर्भके व बालरोगांतील शुश्रूषा

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बालकास नवजात अर्भक म्हणतात. अकाली जन्म, कमी वजन, मातेचा आजार, प्रसूतीतील अडचण किंवा जन्मजात व्यंग यांमुळे ज्या अर्भकास मृत्यूचा अथवा कायमच्या अपंगत्वाचा धोका सर्वसाधारण अर्भकापेक्षा अधिक असतो, त्यास जोखमीचे अर्भक म्हणतात. जगात २०२२ साली पाच वर्षांखालील सु. ४९ लक्ष बालके मरण पावली; त्यांपैकी सु. २३ लक्ष मृत्यू पहिल्या २८ दिवसांतच घडले. भारतात २०२० साली नवजात मृत्युमान दर हजार जिवंत जन्मांमागे २० होते. यांतील बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे असतात व ते टाळण्याचा मोठा भार शुश्रूषेवर असतो.

प्रौढ रुग्णाच्या बाबतीत शुश्रूषा ही बहुधा वैद्यकीय उपचारांना पूरक असते. नवजात अर्भकाच्या बाबतीत ऊब, दूध, स्वच्छता व अखंड निरीक्षण हेच पुष्कळदा मुख्य उपचार ठरतात. अर्भकाच्या शरीरात उष्णतेचा, शर्करेचा व प्रतिकारशक्तीचा साठा अल्प असतो. त्यामुळे प्रकृतीचा बिघाड काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. शिवाय अर्भक तक्रार सांगू शकत नाही. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, तळपाय गार पडणे हीच त्याची भाषा होय. ती प्रथम कळते सतत जवळ असणाऱ्या व्यक्तीस, म्हणजे परिचारिकेस, मातेस किंवा घरी भेट देणाऱ्या आरोग्यसेविकेस.

वर्गीकरण व कारणे : गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अकालजात समजतात. जन्मतः २,५०० ग्रॅ. पेक्षा कमी वजन असल्यास कमी वजनाचे, १,५०० ग्रॅ. पेक्षा कमी असल्यास अतिकमी वजनाचे व १,००० ग्रॅ. पेक्षा कमी असल्यास अत्यल्प वजनाचे अर्भक म्हणतात. कमी वजनाचे प्रत्येक मूल अकालजात असतेच असे नाही. मातेचे कुपोषण, रक्तदाब किंवा वारेची अकार्यक्षमता यांमुळे गर्भाशयातच वाढ खुंटलेले मूल पूर्ण दिवसांचे असूनही हलके असते. दोहोंच्या अडचणी भिन्न असतात. अकालजात मुलाची फुप्फुसे व मेंदूतील श्वसनकेंद्र अपक्व असते. वाढ खुंटलेल्या मुलास रक्तशर्करा घटण्याचा धोका विशेष असतो. जन्मसमयी गुदमरलेली, मधुमेही मातेची, मातेशी रक्तगट न जुळणारी, जुळी-तिळी आणि प्रसूतीपूर्वी बराच काळ पाणमोट फुटून राहिलेली अर्भकेही जोखमीची मानतात.

ऐतिहासिक आढावा : अकालजात अर्भकांची पद्धतशीर शुश्रूषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे सुरू झाली. तेथील प्रसूतिगृहात स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अर्भकांसाठी उबदार पेटी वापरात आणली. तिलाच पुढे इनक्यूबेटर व लोकभाषेत ‘काचेची पेटी’ असे नाव रूढ झाले. त्यांचे शिष्य प्येर ब्यूदँ यांनी ऊब, स्तनपान व संसर्गापासून रक्षण या तीन गोष्टींवर भर दिला आणि मातेला मुलाजवळ ठेवण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे आढळले की, पेटीतील तापमान सु. ३° से. ने अधिक ठेवले असता अकालजात अर्भकांच्या जगण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढते. याच दशकात व्हर्जिनिया ॲपगार यांनी जन्मलेल्या मुलाची अवस्था अंकांत मोजण्याची पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात नवजात वैद्यकाला वाहिलेली ‘नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम’ ही संस्था १९८० मध्ये स्थापन झाली.

जन्मक्षणीची परिचर्या : बहुतेक मुले जन्मताच रडतात व श्वास घेऊ लागतात. जे मूल रडत नाही त्याच्या बाबतीत पहिले मिनिट निर्णायक असते. त्यास कोरडे करून पुसणे, उबदार ठेवणे, मान किंचित मागे कलती ठेवून श्वासमार्ग मोकळा करणे व पाठीवर हळुवार चोळणे एवढ्याने श्वास सुरू न झाल्यास पिशवी व मुखवटा यांच्या साहाय्याने फुप्फुसांत हवा भरतात. उलटे टांगणे, चापट्या मारणे किंवा थंड पाणी शिंपडणे हे प्रकार घातक होत. ॲपगार गुणांकनात हृदयगती, श्वसन, स्नायूंचा ताण, उद्दीपनास प्रतिसाद व वर्ण यांना प्रत्येकी ० ते २ गुण जन्मानंतर १ व ५ मिनिटांनी देतात. मात्र गुण मोजण्यासाठी श्वासोपचार लांबणीवर टाकावयाचा नसतो. मूल व्यवस्थित श्वास घेत असल्यास नाळ निदान एका मिनिटानंतर कापावी, म्हणजे वारेतील रक्त मुलास मिळते. रक्तस्राव टाळण्यासाठी क जीवनसत्त्वाचे नव्हे, तर के जीवनसत्त्वाचे १ मिग्रॅ. अंतःक्षेपण देतात, १,००० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या मुलास त्याच्या निम्मी मात्रा देतात.

ऊब : नवजात अर्भकाचे तापमान ३६.५° ते ३७.५° से. असावे. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, त्वचेखालील चरबी कमी व थंडीने कुडकुडण्याची शक्ती नाही, अशा स्थितीत त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. मानेभोवती व पाठीत साठलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब निर्माण करते. अकालजात मुलात ही चरबीही पुरेशी नसते. शरीर गार पडले की ऑक्सिजन व शर्करा अधिक खर्च होतात, श्वसन बिघडते आणि एका बिघाडातून दुसरा निर्माण होतो. म्हणून जन्मताच अंग कोरडे करून ओला कपडा बदलणे, डोके टोपडे घालून झाकणे आणि आंघोळ निदान २४ तास पुढे ढकलणे आवश्यक असते. लहान मुलाच्या बाबतीत आंघोळ वजन वाढेपर्यंत टाळतात.

तापमापक नसल्यासही परीक्षा करता येते. हाताच्या मागील बाजूने मुलाचे पोट व तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असल्यास मूल ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार असल्यास त्यास थंडी बाधू लागली आहे. दोन्ही गार असल्यास स्थिती धोक्याची आहे. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून ऊब देण्याची प्रथा धुरामुळे व भाजण्याच्या भयामुळे त्याज्य ठरते.

कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये एद्गार रेय सानाब्रिया यांनी पेट्यांच्या टंचाईमुळे मुलास मातेच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला ‘कांगारू मातृसेवा’ असे नाव पडले. मुलास केवळ टोपडे, लंगोट व मोजे घालून मातेच्या स्तनांच्या मध्ये ठेवतात व वरून कापड गुंडाळतात. मातेच्या शरीराची ऊब, श्वासाची लय व दूध ही तिन्ही मुलास एकत्र मिळतात. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढे श्रेष्ठ उपचार ठरली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किग्रॅ. वजनाच्या मुलांना जन्मानंतर लगेच ही सेवा दिली असता मृत्यूंचे प्रमाण सु. एकचतुर्थांशाने घटले. माता आजारी असल्यास पिता, आजी किंवा मावशी यांनाही हे काम करता येते.

पोषण : पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्ट पिवळसर दुधास चीक म्हणतात. त्यात प्रतिपिंडे विपुल असतात. तो पिळून टाकून देण्याची रूढी मुलास पहिल्या संरक्षणापासून वंचित करते. शक्य तेव्हा जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे गर्भारपणाच्या ३४ आठवड्यांनंतर जमतो. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलास मातेचे काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देतात. त्याहून अपक्व मुलास नाका-तोंडातून जठरात घातलेल्या नळीने देतात व अगदी लहान मुलास प्रारंभी शिरेतून द्राक्षशर्करा द्यावी लागते. नळीने दूध देण्यापूर्वी ती जठरातच आहे याची प्रत्येक वेळी खात्री करणे, दूध जोराने न ढकलता आपल्या भाराने उतरू देणे आणि पोट फुगणे किंवा हिरवी उलटी यांवर लक्ष ठेवणे हे परिचारिकेचे कर्तव्य असते. बाटलीमुळे संसर्गाचा धोका वाढतो व मूल स्तन धरीनासे होते, म्हणून ती टाळतात.

मातेचे दूध अपुरे पडल्यास दुसऱ्या मातांनी दान केलेले, तपासून पाश्चरीकरण केलेले दूध वापरता येते. भारतातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली. अकालजात मुलाचे वजन प्रारंभी घटते व साधारणपणे दोन आठवड्यांत जन्मवजनावर येते. त्यानंतर दर किलोग्रॅममागे रोज १५ ते २० ग्रॅ. वाढ समाधानकारक समजतात. घुटी, मध, साखरपाणी किंवा गाईचे दूध नवजात अर्भकास देऊ नये.

श्वसन व ऑक्सिजन : फुप्फुसांतील वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत यासाठी त्यांच्या आत सर्फॅक्टंट या द्रव्याचा लेप असतो. त्याच्या अभावी अकालजात मुलांत श्वसनकष्टाचा विकार होतो, असे मेरी एलेन एव्हरी व जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले. अकाली प्रसूतीची शक्यता दिसताच मातेला स्टेरॉइड दिल्यास मुलाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हौई यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. मिनिटास ६० वा अधिक श्वास, बरगड्यांखालील भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे व जीभ निळी पडणे ही श्वसनकष्टाची लक्षणे होत. अपक्व मुलाचा श्वास मधूनच २० सेकंद वा अधिक काळ थांबू शकतो. अशा वेळी तळपायाला हळूच टिचकी मारल्याने तो पुष्कळदा पुन्हा सुरू होतो. पण त्यासाठी कोणी तरी ते पाहिलेले असावे लागते.

ऑक्सिजन हे औषध असून त्याची मात्रा मोजूनच द्यावी लागते. १९४० व १९५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत अकालजात मुलांना मुक्तहस्ते ऑक्सिजन दिल्यामुळे डोळ्यांच्या जालपटलातील रक्तवाहिन्यांची विकृत वाढ होऊन हजारो मुले आंधळी झाली. १९५४ च्या सुमारास कारण सिद्ध झाल्यावर ऑक्सिजनवर कडक मर्यादा आली. परंतु ती अतिरेकी ठरून श्वसनविकाराने होणारे मृत्यू वाढले. यामुळे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण यंत्राने सतत मोजून ते साधारणपणे ९०% ते ९५% यांदरम्यान राखतात. भारतात २,००० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांच्या जालपटलाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करण्याची शिफारस आहे. ही तपासणी चुकल्यास वाचलेले मूल दृष्टी गमावू शकते.

कावीळ : नवजात अर्भकाच्या तांबड्या कोशिका लवकर नष्ट होतात व यकृत अपक्व असते. त्यामुळे पित्तारुण म्हणजेच बिलिरुबिन हे पिवळे रंजकद्रव्य रक्तात साठते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी सौम्य कावीळ सामान्य असते. मात्र पहिल्या २४ तासांत दिसणारी, किंवा तळहात व तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ धोक्याची असते. बिलिरुबिन फार वाढल्यास ते मेंदूत शिरून बहिरेपणा व स्नायूंचे कायमचे अपंगत्व निर्माण करते. या विकारावरील प्रकाशोपचाराचा उगम एका परिचारिकेच्या निरीक्षणात आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड या अकालजात मुलांना उन्हात नेत असत. एका मुलाचे अंग फिके, पण चादरीच्या टोकाने झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिल्याचे त्यांनी डॉक्टरांच्या निदर्शनास आणले. तेथील रिचर्ड क्रेमर व सहकाऱ्यांनी त्यावरून निळ्या प्रकाशाचा उपचार विकसित करून १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. या प्रकाशाने बिलिरुबिनाचे सहज उत्सर्जित होणाऱ्या रूपात रूपांतर होते. उपचार चालू असताना डोळे झाकणे, अधिक वेळा दूध पाजणे, कूस बदलणे व तापमान पाहणे आवश्यक असते. घरी कोवळ्या उन्हात ठेवणे हा गंभीर कावीळीवरील पर्याय नव्हे. [→ कावीळ].

जंतुसंसर्ग व धोक्याची लक्षणे : अर्भकाला हात लावण्यापूर्वी व नंतर साबण-पाण्याने हात धुणे हा संसर्ग रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय होय. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून, कोपरापर्यंत हात धुऊनच अतिदक्षता कक्षात प्रवेश देतात. नाळ कोरडी व उघडी ठेवावी; तीवर राख, शेण, हळद वा तेल लावू नये. कान-नाकात तेल घालणेही टाळावे. दूध न ओढणे, आकडी येणे, जलद श्वसन, छाती आत ओढली जाणे, अंग तापणे किंवा गार पडणे, हालचाल मंदावणे यांपैकी एक लक्षणही गंभीर संसर्गाचे निदर्शक असू शकते. नवजात अर्भकास संसर्ग झाला असता ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते. म्हणून ‘ताप नाही’ या समजुतीवर विसंबून थांबणे धोक्याचे असते. रुग्णालयात नेताना मूल मातेच्या छातीशी धरून न्यावे व शक्य असल्यास वाटेतही दूध द्यावे.

घरी दिली जाणारी शुश्रूषा : महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना अर्भकाचे वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, ऊब व स्तनपान यांची व्यवस्था करणे, गुदमरलेल्या मुलास श्वास देणे आणि संसर्ग ओळखून प्रतिजैविक टोचणे यांचे प्रशिक्षण देण्यात आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युमान तुलनेच्या गावांपेक्षा सु. ६२% नी कमी झाले. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरी भेटी देण्याची योजना देशभर सुरू केली. रुग्णालयात जन्मलेल्या मुलास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट द्यावयाची असते. घरी जन्मल्यास पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते.

सामान्य बालरोगांतील शुश्रूषा : पहिल्या महिन्यानंतरही हीच तत्त्वे लागू पडतात. अतिसारात मृत्यू बहुधा निर्जलीकरणाने होतो. आतड्यात द्राक्षशर्करेबरोबर सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते. अतिसारातही ही क्रिया टिकून असते, या तत्त्वावर जलसंजीवनी आधारलेली आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आल्यावर मीठ व द्राक्षशर्करेचे द्रावण नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजविले. मृत्यूंचे प्रमाण ३०% च्या आसपास होते, ते ४% च्या खाली आले. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून २४ तासांत संपवावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि. द्यावे; उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावे. स्तनपान व आहार बंद करू नये. जोडीला जस्ताची गोळी १४ दिवस देतात. ती सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ. व त्यापुढे २० मिग्रॅ. असते. मूल सुस्त होणे, पिऊ न शकणे, डोळे खोल जाणे व पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर फार हळू पूर्ववत होणे ही तातडीची लक्षणे होत.

खोकला असलेल्या मुलात न्यूमोनिया ओळखण्यासाठी मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० व एक ते पाच वर्षे ४० वा अधिक श्वास जलद समजतात. अशा मुलास प्रतिजैविक लागते व छाती आत ओढली जात असल्यास रुग्णालयात न्यावे लागते. साध्या सर्दी-खोकल्यास प्रतिजैविक लागत नाही. तापात अंगावर पांघरुणांचे ओझे घालू नये; पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे; ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर आकडी येऊ शकते. मुलास कुशीवर वळवावे, कपडे सैल करावे व वेळ पाहावी. तोंडात चमचा वा पाणी घालणे आणि कांदा किंवा चप्पल हुंगविणे निरुपयोगी किंवा अपायकारक होय. आकडी पाच मिनिटांहून अधिक काळ चालल्यास रुग्णालय गाठावे. गोवरात अ जीवनसत्त्वाची मात्रा दृष्टीचे व प्राणांचे रक्षण करते. भारतात गोवर-रुबेला लस नवव्या महिन्यानंतर व पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. [→ लसीकरण].

शुश्रूषा-व्यवस्था : शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात अर्भकांसाठी विशेष कक्ष उभारण्यात आले असून २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तेथील उपचार विनामूल्य असतात. मात्र यंत्रे वाढल्याने मनुष्यबळाची गरज घटत नाही. एका परिचारिकेकडे सोपविलेल्या अर्भकांची संख्या जितकी अधिक, तितके हात धुणे घाईचे होते, दूध देणे उरकले जाते व बदललेला वर्ण उशिरा लक्षात येतो. म्हणून पुरेशा प्रशिक्षित परिचारिका नेमणे व त्यांच्या वारंवार बदल्या न करणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. मातेला कक्षाबाहेर ताटकळत न ठेवता ऊब, दूध व धोक्याची लक्षणे यांचे शिक्षण कक्षातच दिल्यास, घरी गेल्यावर तीच मुलाची पहिली परिचारिका ठरते. जोखमीच्या मुलाची वाढ, दृष्टी, श्रवण व मानसिक विकास यांची तपासणी घरी गेल्यानंतरही वेळोवेळी करणे आवश्यक असते.